दुसरी चावी

एचआयव्ही निघाल्याला एकवीस वर्षं झाली. गोळी एकदाही चुकवली नाही. या विषाणूचे बरेच उपप्रकार असतात म्हणे. त्यातल्या कुठल्यामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, याची आमच्या दवाखान्यात पाहणी चालू आहे. म्हणून मागच्या महिन्यात सिस्टरनी माझी परीक्षा घेतली. चार शब्द सांगितले, मी चारही बिनचूक परत सांगितले. मग त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "काका, तुम्ही काही विसरलात तर घरात कुणाच्या लक्षात येतं?" आजार लपवायच्या नादात मी कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं. "रिकामं ठेवा," मी म्हणालो. "निदान घराची दुसरी चावी तरी कुणाकडे असेल?" मला हसूच आलं. मी चावीवाला. जन्मभर लोकांना चाव्या करून दिल्या. स्वतःच्या कुलपाला दुसरी केली नाही, कारण द्यायची कुणाला? तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आज सकाळी दुकानात बसून चावी घासली, लाल दोरा बांधला आणि सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली. "तुमच्याकडे राहू दे." त्यांनी खण उघडला. आत लाल दोऱ्याच्या तीन चाव्या होत्या. कुणाच्या, हे विचारायची गरज नव्हती. माझ्या कानशीचं काम मी डोळे मिटूनही ओळखतो, आणि तिन्हींचे दाते माझ्याच घराच्या कुलपाचे होते; कधी आणून दिल्या, ते मात्र आठवेना. सिस्टरनी चौथी त्यांच्याशेजारी ठेवली, फॉर्म पुढे ओढला आणि तो रिकामा रकाना, मला न विचारता, स्वतःच्या नावाने भरला.