वेगळेपणाच्या दोन ओळी

"इतर सल्लागारांपेक्षा आम्ही वेगळे कसे, एवढंच लिहून द्या ताई. दोन ओळी पुरेत," श्रेयस म्हणाला.

वसुधाताईंचा चारकोपला रबरी वॉशरचा छोटा कारखाना. सहा वर्षांपूर्वी श्रेयसने सल्ल्याचा धंदा मांडला तेव्हाचं त्याचं हे पहिलं गिऱ्हाईक. आता अंधेरीत त्याचं ऑफिस होतं, हाताखाली अकरा माणसं होती आणि एक मोठी कंपनी हातची जायच्या बेतात होती. तिथे सात सल्लागार रांगेत होते आणि सातही जणांनी आपण वेगळे असल्याचं अगदी एकाच भाषेत लिहिलं होतं. कंपनीला जुन्या गिऱ्हाइकाचा शब्द हवा होता.

"लिहिते की," वसुधाताई म्हणाल्या. "बाकीचे उंटावरून शेळ्या हाकतात. तू आठ दिवस खाली बायकांमध्ये बसलास. शकुला विचारलंस, सारख्या का उठता? ती म्हणाली, वॉशरच्या कडा कातरायला सहा जणींत धारेची कात्री एकच. संध्याकाळी तू पाच कात्र्या आणून दिल्यास. माझं निम्मं दुखणं तिथेच गेलं बघ."

श्रेयस खुलला. "झकास. हेच लिहा. शकुताईंबरोबर एक फोटोपण काढू या. बोलवा ना त्यांना."

"ती नाही आता इथे. मार्चमध्ये कमी केलं तिला."

"का?"

"तुझ्या दुसऱ्या रिपोर्टात होतं ना. कातरकामातल्या जास्त पगाराच्या तिघी कमी करा."

त्या वेळी श्रेयस आलाच नव्हता. लॅपटॉप घेऊन दोन माणसं पाठवली होती. रिपोर्टावर सही त्याचीच होती, वाचायला मात्र सवड झाली नव्हती. आता त्याला मान वर करवेना. वाचला असता तर शकुताईंचं काम गेलं नसतं, याची त्याला खात्री होती, आणि त्या खात्रीचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

"मला एक फोन करायचा होतात, ताई."

"केला होता. साहेब मीटिंगमध्ये आहेत, रिपोर्ट फायनल आहे, म्हणाले तुझ्या ऑफिसातले. शकु म्हणत होती, परत एकदा विचारा. मीच तिची समजूत काढली. म्हटलं, अगं, आठ दिवस तुझ्या शेजारी बसलेला माणूस आहे तो. विचार करूनच लिहिलं असेल त्याने."