पिवळी दोरी

चिझुरू सगळ्यांसमोर कमरेत वाकून उभी होती. सकाळचा व्यायाम झाला होता, रेडिओ बंद झाला होता, तरी कोणी जागचं हललं नव्हतं.

"मोठ्यानं," नवे व्यवस्थापक निरासावा-साहेब म्हणाले. "मागच्यांना ऐकू जात नाही."

"काल मी विनाकारण दोरी ओढली. सगळ्यांचा वेळ वाया घालवला. मला क्षमा करा."

"बाईसाहेबांना वाटलं, बक्कल बिघडलंय! बक्कल ठणठणीत आहे. हिचे कानच बिघडलेत." ते हसले. मग हसू आवरून त्यांनी रांगांवरून नजर फिरवली. तेव्हा सगळ्या जणी हसल्या. मिसाओही हसली.

त्या कारखान्यात लहान मुलांना मोटारीत बसवायच्या खुर्च्या बनत. शेजारची तोकिए-सान बक्कल बसवी आणि खुर्ची सरकत्या पट्ट्यावरून मिसाओपुढे येई. मिसाओनं ते लावून पाहायचं. टक् असा आवाज आला, तर खुर्ची पुढे. नाही आला, तर डोक्यावरची पिवळी दोरी ओढायची. मग सगळं काम थांबे आणि भोंग्यावर एका बालगीताची धून वाजे. आधीचे होसाका-साहेब त्या धुनेसरशी धावत येत, घामाघूम होऊन, आणि दोरी ओढणारीपुढे स्वतःच वाकत. "बरं झालं, इथंच सापडलं," म्हणत. समोरच्या खांबावर खुर्चीत बसलेल्या बाळाचा फोटो त्यांनीच चिकटवला होता. बाळ तोंडभर हसत होतं; खालचे दोन दात तेवढे आले होते.

आता धून क्वचितच वाजे. वाजली, की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी वाकून उभी असे.

दुपारी डबे खाऊन बायका परत कामाला लागल्या. मिसाओनं पहिलंच बक्कल लावलं. टक् झालं नाही. ओल्या लाकडावर बोट आपटावं, तसा आवाज आला. तिनं पट्टा जरा ओढला, तर बक्कल अलगद सुटून हातात आलं.

तिनं हात वर केला.

समोरच्या चिझुरूनं तो हात पाहिला आणि मान खाली घातली. मग तिच्या पलीकडचीनं. पलीकडे, आणखी पलीकडे, पांढऱ्या टोप्या एकामागून एक खाली झुकत गेल्या.

मागच्या दारातून निरासावा-साहेब मुख्य कार्यालयातल्या पाहुण्यांना घेऊन येत होते. "जरा कान देऊन ऐका," ते म्हणत होते. "ऐकलीत ही शांतता? पूर्वी इथं दिवसभर गाणी वाजायची. लग्नघर होतं नुसतं! आता माझ्या बायकांच्या हातून चूकच होत नाही."

पाहुण्यांनी माना डोलावल्या.

दोरी मिसाओच्या बोटांना लागली होती. पंख्याच्या वाऱ्यानं ती हलत होती. मिसाओनं हात टोपीकडे नेला, सुटलेली बट आत खोचली आणि खुर्ची पुढे जाऊ दिली.

पुढची खुर्ची आली. तसाच ओला आवाज. तीही गेली. खांबाकडे न पाहता मिसाओनं तिसरी घेतली.

पाहुणे पलीकडच्या दारातून बाहेर पडले. दार लागलं, तशी ती तोकिए-सानकडे किंचित झुकली. तोकिए-सान तिथली सगळ्यांत जुनी. होसाका-साहेब सर्वांत जास्त वेळा तिच्यापुढेच वाकले होते.

"तोकिए-सान," मिसाओ कुजबुजली, "बक्कल टक् वाजत नाहीये हो."

तोकिए-सानचे हात थांबले नाहीत. तिनं आणखी एक बक्कल बसवलं आणि खुर्ची मिसाओकडे सरकवली.

"तुला आजच ऐकू आलं होय, बाई?"