निघतानाचा शकुन

काल शाळेच्या पटांगणात आईच्या खांद्यावर ‘वीरपत्नी’ म्हणून शाल पडली, तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या काकांनीच वाजवल्या. आज प्रणालीचा धाकटा भाऊ शिवम वडिलांसारखाच फौजेत निघाला, दारात जीप लागली आणि आजीने ओवाळायचं ताट काकूच्या हाती दिलं. “सवाशीणच पाह्यजे. तुह्या मायले आत बसू दे.” प्रणालीचं डोकं फिरलं. “बाबांना सीमेवरच्या गोळीनं मारलं आजी, आईनं नाही!” “चूप बस वं,” काका खेकसले. तेवढ्यात मागच्या दाराने आई आली. कपाळ मोकळं, कमरेवर रिकामी घागर. ती जीपला आडवी जाऊन उभी राहिली. “वहिनी, हटा! अपशकुन होते!” काका ओरडले. “व्हावा म्हणूनच आली. एक देला, हा देत नाही.” ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. “उतर बाबू, आज नाही जाचं,” म्हणत आजीनेच शिवमची बॅग ओढली. आई हलली नाही. “उद्याही येईन.”