निळ्या खिडकीतली बाय

पॉलने दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"बस," तो म्हणाला.

ह्युबर्ट बसला नाही. रविवारची मिस्सा नुकतीच सुटली होती. देवळातून परतणारी माणसं बाहेरच्या वाटेवरून बोलत चालली होती. कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीवर पॉलची बायको बर्नाडेट बसली होती. पेटीत तिचे सगळे कपडे भरलेले होते. दुपारच्या भरतीला वसईकडे होडी सुटणार होती आणि तिचं माहेर वसईला होतं.

"ते गानं कोनावर केलंस?" पॉलने विचारलं.

ह्युबर्ट ठाण्याला गिरणीत काम करायचा आणि गाणी रचायचा. कोलशेतच्या त्या ख्रिस्ती वाडीत त्याच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे. बापाचा दमा, पहिल्या पगारात घेतलेले आणि पायाला चावणारे बूट, वादळात फुटलेली होडी. अंगावरून जे गेलं तेच तो गाण्यात घालायचा. हवेतून त्याने कधी एक ओळ काढली नव्हती. हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं, आणि तेच आता भोवत होतं.

गेल्या आठवड्यात वसईच्या एका लग्नात बँडवाल्यांनी त्याचं नवं गाणं वाजवलं.

निळे खिडकीन उभी बाय,
मना बगते, बोलत नाय.

वाडीत निळी खिडकी एकच, पॉलच्या घराची. पॉल कल्याणपलीकडे मोहने गावातल्या कारखान्यात कामाला होता. सोमवारी पहाटे जायचा तो शनिवारी परतायचा. मांडवात वाडीतलंच कुणीतरी ओरडलं, "पॉल, तुझी खिडकी फेमस झाली रे!" सगळा मांडव हसला. पॉलही हसला होता. घरी आल्यावर मात्र त्याने बायकोला खोदखोदून विचारलं आणि तिचं एकही उत्तर खरं मानलं नाही.

"बर्नाडेटवर नाय केलं," ह्युबर्ट म्हणाला. "शपथ घेतो."

"मग कोनावर?"

हा प्रश्न ह्युबर्टने स्वतःलाही कधी विचारला नव्हता. गिरणीतून पायी घरी येताना ते गाणं चालीसकट तोंडात आलं होतं, एवढंच.

"मी सांगितलं ते खोटं," बर्नाडेट पेटीवरूनच म्हणाली. "आता हा सांगेल ते खरं. माझ्या शब्दाला या घरात काय किंमत हाय ती कळली मला."

"तू गप!" पॉल गरजला. मग ह्युबर्टकडे वळला. "त्या दमेकरी जुझेचा पोसलेला पोर तू. ना जात ना गोत. तुला कसली लाज?"

ह्युबर्टने ते ऐकून घेतलं. लहानपणापासून तो ते ऐकत आला होता. त्याचं लक्ष गाण्याकडे होतं. तो मनातल्या मनात मागे मागे चालला होता. शाळेची वाट. पाटी, दप्तर. याच घरावरून जाणारी वाट. खिडकीत एक बाई. गजाला धरलेला हात. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहायची. एकदा तो याच दारासमोर पडला, गुडघा फुटला. ती धावत बाहेर आली. लुगड्याचा पदर टर्रकन फाडून तिने गुडघ्याला बांधला. बोलली मात्र काही नाही.

"मी साळंत होतो," तो सावकाश म्हणाला. "तू जन्मला पण नव्हतास, पॉल. ही खिडकीच. पण त्यात तुझी आये उभी असायची."

पॉलने ह्युबर्टची कॉलर धरली.

"बायकोवरून सुटायला आता माझ्या आयेचं नाव घेतोस?"

त्याने दुसरा हात उगारला. बर्नाडेट किंचाळली.

"सोड त्याला."

स्वयंपाकघराच्या दारात क्लेमेंटिना उभी होती. पॉलची आई. तिच्या बोटांना तांदळाचं पीठ लागलेलं होतं.

"आये, तू आत जा."

"हात खाली घे. थोरला हाय तो."

"थोरला असला म्हणून काय झालं?"

"तुझा थोरला, पॉल."

बाहेरची बोलणी लांब गेली होती. पॉलचा हात तसाच वर राहिला. ह्युबर्टने कॉलर सोडवून घेतली नाही. तो फक्त तिच्याकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे.

"लगनाआधी झाला मना," क्लेमेंटिना म्हणाली. "पाद्रीबाबा घेऊन गेला. कुठं नेला ते सांगंना. मी रोज देवळात जाऊन त्याचे पाय धरायची. शेवटी एकदा त्याच्या तोंडून गावाचं नाव निघालं."

बर्नाडेट पटकन उठली आणि तिने सासूला त्या पेटीवर बसवलं.

"बाबांना ठाऊक होतं?" पॉलने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

तिने मान हलवली. नाही.

"मग बाबांशी लगीन का केलंस?"

क्लेमेंटिनाने पदराने बोटं पुसली.

"लय चांगल्या सोयरिकी आल्या होत्या मना," ती म्हणाली. "मी बापाला सांगितलं, नवरा कसा पन बघ, गाव तेवढं कोलशेत पायजे."