उरलेल्या गोळ्या

विज्ञान कुणाची भीड बाळगत नाही, असं डॉ. धारप प्रत्येक बैठकीत गंभीरपणे सांगत. बैठकीतला चहा, खुर्च्या आणि रक्तदाबावरच्या नव्या गोळीची चाचणी, सगळं ती गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या खर्चानं चाले. नोंदी ठेवणाऱ्या सुलक्षणाचा पगारही तिथूनच येई.

आज तिच्यासमोर पारूबाई एकट्याच आल्या. चाचणीत त्यांचा नवरा होता. पिशवीतलं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "उरलेल्या गोळ्या परत आणा म्हणला व्हता न्हवं? अकरा हायत. मोजून घ्या, ताई."

"मामा नाही आले?"

"गोळी सुरू झाल्यापास्नं छातीत कळ यायची. आयतवारी वारले. तेवढं कागदावर लिवा, म्हंजी ही गोळी दुसऱ्या कुणाला देणार न्हाईत."

सुलक्षणानं 'मृत्यू' असं लिहिलं आणि कागद घेऊन आत गेली. हा चौथा होता.

धारपांनी चष्मा पुसला. "गोळ्या किती उरल्या?"

"अकरा, सर."

"मग कोर्स पूर्ण कुठे झाला? अर्धवट सोडणारा मोजायचा नाही, नियम आहे. वगळा."

"सर, तो माणूस गेलाय."

"म्हणजे सोडलाच ना? आधीच्या तिघांचं काय केलंत तुम्ही?"

ते तिघे सुलक्षणानंच वगळले होते. तिनं चौथं नाव खोडलं आणि बाहेर येऊन पारूबाईंना म्हणाली, "लिहिलंय हं, मावशी."

वर्षअखेरीला अहवाल छापून आला. कोर्स पूर्ण करणाऱ्या एकाही रुग्णाचा मृत्यू झाला नव्हता.