दुसरी सूचना

मुलगा मोर्चाला निघाला, तेव्हा वकीलबाईंनी दारातच त्याच्याकडून दोन सूचना घोकून घेतल्या. पकडलं तर 'वकील आल्याशिवाय बोलणार नाही' एवढंच म्हणायचं. आणि 'तुझी आई बाहेर आलीये' असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवायचा नाही.

संध्याकाळी चौकीच्या दारात शिपायानं त्यांना अडवलं.

"मीच त्याची वकील आहे."

"आत सोडायचा हुकूम नाही, बाई. पोरगं एकच पालुपद धरून बसलंय. साहेबांचा पट्टा थांबत नाहीये."

कायदा कोळून प्यायलेल्या बाईंनी शिपायापुढे हात जोडले. "त्याला सांगा, आई बाहेर उभी आहे. म्हणतेय, बोलून टाक."

शिपाई आत जाऊन आला.

"हसलं हो पोरगं. म्हणालं, आईनं सांगितलंच होतं, तुम्ही असं म्हणाल."