मुठीतला पाइप

छप्पन साली साकीनाक्याच्या गॅरेजात ब्रेकचा रबरी पाइप तपासायची रीत ठरलेली होती: शिकाऊ सहदेवने वर बसून पॅडल दाबायचं, उस्ताद जयवंतदादांनी गाडीखाली पडून पाइप मुठीत धरायचा. कुजलेलं रबर फुगतं, ते हाताला कळतं. डॉक्टरांच्या जुन्या मोटारीचं पॅडल नको तितकं खोल गेलं, तरी दादा खालून ओरडले, "झकास आहे रे!" हल्ली विडीने बोट भाजलं, तरी दादांना कळायचं नाही. "दादा, तुम्ही दाबा, मी बघतो." "तू मला शिकवणार?" कुरकुरत दादा वर बसले. सहदेवच्या मुठीत पाइप टरारून फुगला. "फुगतो का रे?" नाही म्हटलं, तर डॉक्टरांची मुलं याच गाडीतून आरेचा उतार उतरणार होती. हो म्हटलं, तर दादांची उस्तादी संपली. "फुगतो, दादा." दादांनी पॅडलवरचा पाय काढला. मग म्हणाले, "उजवीकडचाही धरून बघ. मी दाबतो."